दानाचा पैसा आणि गल्लीतले गटार

गरीब रुग्णाच्या औषधाला पैसे देणे सोपे असते. देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याची नड भागते. पण तोच रुग्ण पुढच्या महिन्यात त्याच जुलाबाने पुन्हा दवाखान्यात आला, तर हा पैसा नेमका कुठे खर्च व्हायला हवा होता, असा प्रश्न पडतो. पाकिस्तानातील कराची शहराच्या ओरंगी या वस्तीत अख्तर हमीद खान यांनी आयुष्याची शेवटची जवळपास वीस वर्षे याच प्रश्नावर काम केले. त्यांच्याकडे दानाचा पैसा होता आणि समोर संडास व गटार नसलेली लाखोंची वस्ती होती. तरीही त्यांनी लोकांना एकही पाइप फुकट दिला नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत ओरंगीचे नाव आजही घेतले जाते, ते या एका निर्णयामुळे.

सनदी अधिकारी ते कुलूपवाला

खान यांचा जन्म १५ जुलै १९१४ रोजी आग्रा येथे झाला. वडील पोलीस निरीक्षक. मुलगा हुशार होता. आग्रा आणि मेरठ येथे शिक्षण घेऊन तो १९३६ मध्ये आयसीएसमध्ये, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वांत मानाच्या नोकरीत दाखल झाला. प्रशिक्षणाचा काळ केंब्रिजच्या मॅग्डलिन कॉलेजात गेला आणि नेमणूक बंगालमध्ये झाली. सुखाने निवृत्त व्हावे अशी ही नोकरी होती.

१९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे उपासमारीने आणि त्यामागून आलेल्या हिवताप, पटकी, देवी या रोगांनी मेली. सरकारी यंत्रणेचे अपयश खान यांनी यंत्रणेच्या आत बसून पाहिले. अखेर त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते अलिगढजवळच्या एका खेड्यात गेले आणि दोन वर्षे मजुरी व कुलपे बनवण्याचे काम करून राहिले. गरिबी कशी असते हे कचेरीतल्या फायलींतून कळत नाही, ती अंगाने समजून घ्यावी लागते, असा त्यामागचा हेतू होता. हा प्रयोग फार यशस्वी झाला असे नाही. पण हाताने काम करणाऱ्या माणसाचा हिशेब कसा चालतो, हे त्यांना तिथे कळले. ते पुढे चार दशकांनी ओरंगीत कामी आले.

काही काळ दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिकवून १९५० मध्ये ते पाकिस्तानात गेले. त्याच वर्षी त्यांच्याकडे पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, कोमिला येथील व्हिक्टोरिया कॉलेजचे प्राचार्यपद आले. १९५९ मध्ये कोमिलातच ग्रामविकास अकादमी सुरू झाली आणि तिचे प्रमुख म्हणून खान यांची निवड झाली.

कोमिलाचा धडा

कोमिलाची रचना महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीची वाटेल. गावपातळीवर शेतकऱ्यांची छोटी सहकारी संस्था आणि तिच्यावर ठाणे पातळीवरचा मध्यवर्ती संघ. ठाणे म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा घटक. सभासदांनी आठवड्याला थोडी बचत करायची, बैठकीला यायचे, आपल्यातल्याच एकाला प्रशिक्षणाला पाठवायचे आणि त्याने शिकून आलेले गावाला सांगायचे. सिंचन, रस्ते आणि बी-बियाण्यांबरोबर स्त्रियांचे शिक्षण आणि कुटुंबनियोजन हेही या कामाचे भाग होते.

या कामासाठी खान यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी हा पुरस्कार आणंदच्या दूध सहकाराचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन आणि मुंबईच्या आरे दूध योजनेशी जोडलेले दारा खुरोडी यांनाही मिळाला होता. गरिबांच्या संघटनेतून विकास होऊ शकतो, यावर त्या काळी सीमेच्या दोन्ही बाजूंना काम चालू होते.

मात्र कोमिलाची नक्कल सरकारने देशभर केली तेव्हा गोष्टी बिघडल्या. अनुदान आणि स्वस्त कर्ज येताच गावातले वजनदार लोक संस्थांमध्ये शिरले. कर्जे थकली. अनेक संस्था कागदावरच उरल्या. खान यांनी हे अपयश झाकले नाही. आपल्याच प्रयोगाच्या त्रुटींवर त्यांनी स्पष्टपणे लिहिले. वरून येणारा पैसा लोकांची संघटना वाढवतोच असे नाही, कधी तो ती पोखरतो, हा धडा घेऊन ते १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या युद्धाच्या वर्षी, पश्चिम पाकिस्तानात परतले. पुढची काही वर्षे ते अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते.

एका बँकेचा पैसा

१९८० साली पाकिस्तानात गरिबांसाठीच्या पैशाबाबत दोन गोष्टी घडल्या. पहिली सरकारी होती. जनरल झिया यांच्या राजवटीने जकात आणि उश्र यांचा अध्यादेश काढला. जकात म्हणजे इस्लाममधील सक्तीचे दान. आपल्या नाक्यावरच्या जकातीचा शब्द याच मुळातून आलेला, अर्थ मात्र निराळा. रमजान सुरू होताना बँकेतील बचत खात्यांवरून अडीच टक्के रक्कम परस्पर कापून ती विधवा, अनाथ, अपंग आणि निर्धन रुग्णांसाठी वापरायची, अशी ही व्यवस्था. सरकारी रुग्णालयांतील गरीब रुग्णांच्या उपचारांचा काही भार या निधीने उचलला.

दुसरी गोष्ट खासगी होती. बीसीसीआय या आंतरराष्ट्रीय बँकेचे संस्थापक आगा हसन अबेदी यांना कराचीच्या गरिबांसाठी काही करायचे होते. त्यांनी खान यांना बोलावले. खान तेव्हा पासष्टीचे होते. आपल्या पद्धतीने काम करण्याची मोकळीक मिळत असेल तरच, या बोलीवर ते तयार झाले. एप्रिल १९८० मध्ये ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू झाला.

ओरंगी ही कराचीच्या पश्चिमेची कच्ची आबादी. १९६५ मध्ये तिथे एका लहान भागाची सरकारी आखणी झाली होती. त्याच्या भोवतीची जमीन दलालांनी प्लॉट पाडून विकली. १९७१ नंतर बांगलादेशातून आलेल्या बिहारी मुसलमानांची त्यात भर पडली. शिवाय फाळणीनंतर आलेले मुहाजिर, पठाण, पंजाबी, सिंधी, बलुच असे सगळेच. लोकसंख्या काही लाखांवर गेली आणि पुढे दहा लाख ओलांडून गेली. घरे लोकांनीच बांधली होती, पण मैला वाहून नेण्याची सोय नव्हती. बहुतेक ठिकाणी टोपलीचे संडास होते. सफाई कामगार चार-पाच दिवसांनी टोपली रिकामी करी आणि बऱ्याचदा ती गल्लीच्या टोकाला नाहीतर मोकळ्या जागेवर ओतली जाई. ज्यांना परवडे त्यांनी शोषखड्डे खणले. काही वर्षांत तेही भरून वर येत. मोरीचे पाणी गल्लीतच साचे आणि त्यातूनच मुले शाळेला जात.

खान यांनी आल्या आल्या काहीच बांधले नाही. कित्येक महिने ते वस्तीत फिरत राहिले, लोकांशी बोलत राहिले. लोकांनी सगळ्यांत वर सांगितलेली अडचण मैला आणि सांडपाण्याची होती. त्यानंतर रोजगार, आरोग्य आणि शिक्षण.

चार अडथळे

स्वतःचे घर बांधणारी माणसे गटार का बांधत नाहीत? याचा शोध घेताना खान यांना चार अडथळे दिसले. पहिला मनाचा. गटार बांधणे सरकारचे काम आहे आणि ते फुकट झाले पाहिजे, अशी लोकांची समजूत होती. दुसरा पैशाचा. सरकारी दराने भुयारी गटाराचा खर्च मजुराच्या आवाक्याबाहेर होता. तिसरा तंत्राचा. घराची भिंत गवंडी उभी करतो, पण गल्लीभर पाइपला ढाळ कसा द्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हते. चौथा समाजाचा. घर एकट्याला बांधता येते, गटार मात्र सगळ्या गल्लीला मिळून बांधावे लागते आणि तशी संघटना नव्हती.

फुकट पाइप दिले असते तर यांतला फक्त दुसरा अडथळा दूर झाला असता, तोही एकदाच. म्हणून खान यांनी बँकेचा पैसा पाइपांवर न घालता अभियंते, मोजणी करणारे, नकाशे काढणारे, गवंड्यांना शिकवणारे आणि गल्लोगल्ली बैठका घेणारे कार्यकर्ते यांच्यावर घातला. वास्तुविशारद आरिफ हसन या कामात आले. १९८३ मध्ये परवीन रहमान ही तरुण वास्तुविशारदही सामील झाली.

खर्चाची चिरफाड झाली तेव्हा दिसले की सरकारी आकड्यात कंत्राटदाराचा नफा, टक्केवारी आणि गल्लीला नको इतके भारी बांधकाम यांचाच मोठा वाटा आहे. अरुंद गल्लीत ट्रक जात नाहीत, तर पाइप खोल पुरायची गरज काय? मॅनहोलची झाकणे लोखंडी साच्यांत जागच्या जागी ओतली तर ती स्वस्त पडतात. खोदकाम घरचीच माणसे करतात. आणखी एक साधी युक्ती होती. घरातला संडास गल्लीच्या पाइपाला थेट न जोडता मध्ये एक छोटी हौदी बांधायची. जड गाळ हौदीत खाली बसतो, पाणी पुढे जाते आणि गल्लीचा पाइप तुंबत नाही. या सगळ्यामुळे संडास आणि गल्लीतले गटार मिळून घरामागे साधारण १,००० रुपयांत काम होऊ लागले. सरकारी दराच्या मानाने हा खर्च कितीतरी कमी होता आणि वस्तीतल्या मजूर कुटुंबाला तो हप्त्याहप्त्याने झेपत होता.

कामाचा घटक होता गल्ली, म्हणजे वीस-तीस घरे. प्रकल्पाचे कार्यकर्ते गल्लीत बैठक घेत, नमुने आणि चित्रे दाखवत. गल्लीने एकमताने आपला गल्लीप्रमुख निवडायचा आणि त्याने अर्ज करायचा. मग प्रकल्पाची माणसे मोजणी करून आराखडा आणि खर्चाचा अंदाज देत, अवजारे देत, कामावर देखरेख ठेवत. वर्गणी गोळा करणे, सामान आणणे आणि भांडणे मिटवणे ही गल्लीची जबाबदारी. लोकांच्या पैशाला प्रकल्प हात लावत नसे.

सुरुवातीची कामे सगळीच चांगली झाली नाहीत. सिमेंट-वाळूचे प्रमाण चुके, काँक्रीटवर पुरेसे पाणी मारले जात नसे, काही ठिकाणी बांधकाम कच्चे राहिले. प्रकल्पाने या चुका शोधून काढल्या, साचे सुधारले आणि गवंड्यांचे शिक्षण वाढवले. एका गल्लीचे काम पाहून शेजारची गल्ली अर्ज करू लागली. डिसेंबर १९८६ मध्ये ओरंगीच्या कसबा आणि अलिगढ कॉलनी या भागांत भीषण वांशिक हिंसाचार झाला. पुढच्या काळातही कराची धुमसत राहिली. तरीही पठाणांच्या आणि बिहाऱ्यांच्या गल्ल्यांत गटारांचे काम पुन्हा सुरू झाले. पुढे नव्वद हजारांहून अधिक घरांना संडास आणि भुयारी गटार मिळाले, आणि त्याचा खर्च घरमालकांनी स्वतः केला.

गटार आणि बालमृत्यू

गल्ली हा घटक निवडण्यामागे आरोग्याचे पक्के गणित आहे. टायफॉइड, पटकी, आव, कावीळ आणि पोलिओ यांचे जंतू माणसाच्या मैल्यातून बाहेर पडतात आणि हात, माशी, अन्न किंवा पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात. एकाच घराने चांगला संडास बांधला आणि त्याचे पाणी गल्लीत सोडले, तर जंतूंची फक्त जागा बदलते. सगळी गल्ली जोडली गेली तरच साखळी तुटते. शिवाय वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाचे वजन घटते आणि मग गोवर, न्यूमोनियासारखे इतर आजारही त्याला जड जातात. म्हणून मैल्याची विल्हेवाट नीट लागली की केवळ जुलाबच नव्हे, एकूण बालमृत्यूही कमी होतात.

तरी नुसते गटार पुरत नाही, हेही खान यांनी ओळखले होते. ओरंगीच्या बऱ्याच स्त्रिया पडद्यात राहत, दूरच्या केंद्रावर जात नसत. म्हणून आरोग्य शिक्षण त्यांच्या गल्लीत नेले गेले. एक आरोग्यसेविका आणि एक कार्यकर्ती मिळून गल्लीतल्या एखाद्या विश्वासू घरात शेजारच्या बायकांची बैठक घेत. आजार कसे पसरतात, लसी कधी द्यायच्या, पाळणा कसा लांबवायचा, हे विषय तिथे होत. ज्या गल्लीने गटारासाठी एकत्र यायला शिकले होते, तिथे या बैठका लवकर जमत.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार ओरंगीतील बालमृत्यूचे प्रमाण १९८२ मध्ये हजार जन्मांमागे १३० होते, ते १९९१ मध्ये ३७ वर आले. हा आकडा सावधपणे वाचायला हवा. त्याच काळात पाकिस्तानात लसीकरण वाढत होते, क्षारसंजीवनीचा वापर वाढत होता, वस्तीतली मिळकतही बदलत होती. घसरणीतला किती वाटा गटाराचा आणि किती लसीचा, हे या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. पण स्वच्छता, लस आणि मातेचे ज्ञान एकत्र आले तर गरीब वस्तीतही दहा वर्षांत किती फरक पडू शकतो, हे त्यातून दिसते.

बँक बुडाली, काम राहिले

या यशाची किंमत खान यांना मोजावी लागली. मुलांसाठी लिहिलेल्या एका रूपककवितेवरून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर ईशनिंदेचे आरोप झाले. पाकिस्तानात या आरोपाला देहदंडाची तरतूद आहे. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला कित्येक वर्षे खटल्याच्या टांगत्या तलवारीखाली राहावे लागले. काम मात्र त्यांनी सोडले नाही.

जुलै १९९१ मध्ये बीसीसीआय प्रचंड आर्थिक घोटाळ्यामुळे अनेक देशांत बंद करण्यात आली. ज्या बँकेच्या पैशावर ओरंगीचे काम उभे राहिले, ती बँकच गेली. हाच प्रकल्प पाइप वाटत असता तर त्याच दिवशी थांबला असता. पण गटारे लोकांच्या पैशाची होती, गवंडी वस्तीतलेच होते आणि नकाशे तयार होते. तोवर प्रकल्पाच्या स्वतंत्र संस्थाही झाल्या होत्या. छोट्या धंद्यांना कर्ज देणारा विश्वस्त निधी १९८७ पासून चालू होता. काम पुढे गेले.

खान यांच्या पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. गल्लीतले गटार लोक बांधू शकतात, पण शहराचे मुख्य गटार आणि मैलाशुद्धी केंद्र बांधणे गल्लीच्या हातात नाही. म्हणून प्रकल्पाने जबाबदारीची सरळ वाटणी केली. संडास, घरातले गटार आणि गल्लीचे गटार लोकांचे; मुख्य वाहिन्या आणि शुद्धीकरण सरकारचे. लोकांनी आपला वाटा उचलला, सरकार मागे पडले. ओरंगीची गटारे उतारावरच्या नाल्यांना मिळाली आणि नाल्यांतले पाणी बऱ्याच प्रमाणात शुद्ध न होताच समुद्राकडे जात राहिले. पाकिस्तानच्या २००६ च्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणात ही वाटणी स्वीकारली गेली, अंमलबजावणी मात्र अपुरी राहिली. त्याचे परिणाम आजही दिसतात. २०१६ मध्ये सिंध प्रांतात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली आणि ती कराचीपर्यंत पोहोचली. मैला मिसळलेले पाणी हे तिच्या प्रसाराचे प्रमुख कारण मानले जाते. कराचीच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडल्याच्या बातम्याही थांबलेल्या नाहीत.

अख्तर हमीद खान यांचे ९ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत, इंडियानापोलिस येथे निधन झाले. कुटुंबीयांना भेटायला ते तिथे गेले होते. वय ८५ होते. त्यांचे पार्थिव कराचीला आणून ओरंगीतील प्रकल्पाच्या आवारातच दफन करण्यात आले. परवीन रहमान यांनी पुढे कराचीच्या नाल्यांचे आणि वस्त्यांचे नकाशे तयार करण्याचे काम वाढवले. जमीन आणि पाणी कोण बळकावते आहे, हे त्या नकाशांतून दिसत असे. १३ मार्च २०१३ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशे मात्र उरले आणि शहराच्या यंत्रणांनाही त्यांचा उपयोग होत राहिला.

पाकिस्तानात दान कमी नाही. रमजानमध्ये दवाखाने, अन्नछत्रे आणि रुग्णवाहिका यांसाठी लोक सढळ हाताने देतात आणि त्यावर असंख्य रुग्णांचे उपचार होतात. असे दान लागतेच, कारण आज आजारी असलेल्या मुलाला गटाराची वाट पाहता येत नाही. खान यांनी या दानाला विरोध केला नाही. त्यांनी त्याच्या शेजारी दानाचा आणखी एक उपयोग ठेवला. जी गोष्ट गरीब स्वतः करू शकतो, तिचा खर्च त्यालाच करू द्यावा, आणि ती करण्यासाठी जे त्याच्याकडे नाही, म्हणजे मोजणी, आराखडा, साचा आणि शिकवणारा माणूस, त्यावर दानाचा पैसा घालावा. ओरंगीत ज्या गल्ल्यांनी हे केले, त्या गल्ल्यांचे लोक आपल्या गटाराचे झाकण तुटले तर कुणाच्या कचेरीत अर्ज घेऊन जात नाहीत. साचा वस्तीतच असतो. तिथेच नवे झाकण ओतले जाते.